शाळेमागची दोन गुंठे जागा आणि आठवी ते दहावीचे विज्ञान

प्रश्न थोडक्यात असा आहे: जिल्हा परिषद भागातली आठवी ते दहावीची शाळा, मागे दोन गुंठे मोकळी जागा, बोअरला साधारण फेब्रुवारीपर्यंत पाणी. मुले शेतकऱ्यांचीच. शेतीतून विज्ञान शिकवायचे आहे, पण पोर्शन मागे पडायला नको. सुरुवात कुठून करावी, आणि काय काय लागेल?

आधी एक सांगतो. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. एवढी जागा पहिल्या वर्षी अजिबात हातात घेऊ नका. ती खुरपण्यातच मुलांचा सगळा वेळ जाईल, ऑगस्टमध्ये गवत कमरेएवढे होईल आणि हेडमास्तर म्हणतील, 'बघा, सांगितलं होतं ना.' ४० चौरस मीटर पुष्कळ झाले. बाकीच्या जागेत पहिल्या वर्षी ताग पेरा आणि फुलावर आला की हिरवळीचे खत म्हणून गाडून टाका.

दुसरे म्हणजे, शेतकऱ्याच्या मुलाला पेरायला आणि खुरपायला शाळेत शिकवावे लागत नाही. ते त्याला तुमच्यापेक्षा चांगले येते. घरी जे होत नाही ते शाळेत व्हायला हवे: मोजणे, लिहून ठेवणे आणि शेजारी एक तुलनेचा वाफा ठेवणे. वाफ्याजवळ काटा, टेप आणि वही नसेल तर ते श्रमदान झाले. त्यात वाईट काही नाही, पण त्याला विज्ञानाचा तास म्हणू नये. म्हणून खरेदीची सुरुवात कुदळ-फावड्याने करू नका, ती गावात मिळतात. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा पाच किलोचा डिजिटल काटा, १०० मिलीचे दोन मोजपात्र, दोन तापमापी, शिंप्याची टेप, लिटमस आणि एक जाड रजिस्टर एवढे आधी आणा.

पोर्शनबद्दल. धडे पुस्तकातल्या क्रमाने घ्यायचे आणि पीक त्यामागे ओढायचे ठरवले तर वर्षभर फरफट होईल. पीक थांबत नाही. जूनमध्येच वर्षाचे कॅलेंडर मांडा: जून-जुलैमध्ये पाऊस, उगवण, घनता, ऑगस्टमध्ये मुळे, गाठी, नत्र (नायट्रोजन), दिवाळीनंतर माती, आम्ल-आम्लारी, रासायनिक अभिक्रिया, जानेवारीत जनावरे. त्या धड्यांचे तास त्या त्या महिन्यात सरकवा. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पुढे आलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या शालेय अभ्यासक्रमात शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग आहेत आणि हाताने करायच्या कामाला आठवड्यातला ठरलेला वेळ दिलेला असतो. तुमच्याकडे तेवढी मोकळीक नसेल तर आठवड्यातून जोडून दोन तास घ्या. सुटा ३५ मिनिटांचा तास शेतावर जाऊन हात धुऊन परत येण्यातच संपतो.

पर्जन्यमापक

हे काम शाळा सुरू झाल्या आठवड्यातच करा. दोन लिटरची शीतपेयाची बाटली घ्या, खांदा जिथे संपून सरळ भाग सुरू होतो तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बहुतेक ठिकाणी यापुढे बाटलीवर मिलिमीटरची पट्टी चिकटवतात आणि तिथेच घोटाळा होतो. या बाटलीचा तळ पाकळ्यांचा असतो, त्यामुळे खालचे दोन-तीन सेंटिमीटर सरळ नळकांडे नसतेच. पट्टी नकोच. साचलेले पाणी मोजपात्रात ओता आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा.

क्षेत्रफळासाठी व्यास पट्टीने मोजू नका, कापलेले तोंड दबून लंबगोल होते. दोऱ्याने परीघ मोजा. परीघ ३३ सेंमी आला तर व्यास १०.५ सेंमी, क्षेत्रफळ सुमारे ८६.६ चौरस सेंमी. म्हणजे एक मिमी पाऊस बरोबर ८.६६ मिली पाणी. सकाळी मोजपात्राने मोजून २२५ मिली भरले तर पाऊस २६ मिमी. हे गणित मुलांनी स्वतः मांडले की 'पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, लिटरमध्ये का नाही' हा प्रश्न आपोआप येतो. तेव्हा त्यांना सांगा की एक चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर. मग शाळेचे छप्पर मोजायला पाठवा. १०० चौरस मीटर छपरावर त्या एका रात्रीत २,६०० लिटर पडले. ते गेले कुठे, हे तेच शोधतील.

मापक भिंत किंवा झाड जेवढे उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. बाटली जमिनीत रोवलेल्या खुंटीला बांधा, नाहीतर वाऱ्याने कलंडते. तोंड जमिनीपासून फूटभर वर राहू द्या, म्हणजे शिंतोडे आत उडत नाहीत. वेळ सकाळी साडेआठची, हवामान खात्याचीही तीच. रविवारचा पाऊस सोमवारी मोजला तर रजिस्टरमध्ये 'दोन दिवसांचा' असे लिहायचे, अंदाजाने वाटून द्यायचा नाही. मुलांना वाटून लिहायचा फार मोह होतो. कोकणातल्या शाळांनी बाटलीऐवजी सरळ बाजूंचा उंच डबा वापरावा किंवा मुसळधारेच्या दिवशी संध्याकाळीही मोजावे, कारण नरसाळे आत बसवल्यावर दोनशे मिमीच्या आसपास ही बाटली भरते.

आता याचा उपयोग. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. मुलांनी रोजची बेरीज फळ्यावर लिहावी. गावात पेरणीची घाई सुरू झालेली असते आणि फळ्यावर ५२ दिसत असतात. या चर्चेला पुस्तकातला कुठलाच स्वाध्याय पुरणार नाही. महसूल मंडळातल्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडाही शेजारी लिहा. दोन्ही जुळणार नाहीत. पाऊस गावागणिक बदलतो की आपला मापक चुकतो, हे कसे ठरवायचे? दुसरा तसाच मापक करून पहिल्याशेजारी ठेवा. दोघांत एक-दोन मिमीचाच फरक राहिला तर मापकावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

उगवण चाचणी

सोयाबीनच्या भागात असाल तर याच्याइतका चांगला प्रयोग नाही, कारण घरोघरी याच आठवड्यात हा प्रश्न पडलेला असतो. मुलांनी घरचे बियाणे आणावे, प्रत्येकाचे वेगळे. पोत्यात हात घालून वरचे मूठभर घ्यायचे नाही. वरून, मधून, तळातून घेऊन मिसळायचे. त्यातले न निवडता शंभर दाणे मोजायचे. फुटके-चिरके बाजूला काढले की चाचणी खोटी झाली, पेरताना ते कोणी काढणार नसतात.

गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन भिजवून पिळून घ्या. निथळता नको, दाबल्यावर हाताला ओल लागावी एवढाच. त्यावर दोन सेंमी अंतराने दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, दुसरा ओला तुकडा वर ठेवा, गुंडाळी करा, दोन्ही टोके सैल बांधा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेले मोजायचे. नुसते फुगलेले, कुजलेले, मोडक्या मुळाचे वेगळे मोजायचे. शंभराचा हिशेब लागलाच पाहिजे.

काही जण बियाणे आधी रात्रभर पाण्यात भिजवतात. मटकीला ते चालते, सोयाबीनला नाही. सोयाबीनचे टरफल पातळ असते, दाणा पाणी इतक्या झपाट्याने ओढतो की आतल्या पेशी फुटतात आणि बुडालेल्या दाण्याला प्राणवायू मिळत नाही. मुद्दाम एक गट तसा करू द्या. गोणपाटातले सत्तर आणि भिजवलेले तीस-चाळीस असा फरक समोर आला की बीजाच्या श्वसनावर वेगळे व्याख्यान लागत नाही.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के धरलेली आहे आणि त्याला एकरी ३० किलो बियाणे सांगतात. घरच्या बियाण्याची ६० निघाली तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. हे त्रैराशिक मुले घरी जाऊन सांगतात आणि पालक पहिल्यांदा शाळेच्या वहीत डोकावतात.

इथे एक जागा जपायची असते. एकाच पोत्यातले बियाणे चार गटांना द्या. ६६, ७१, ६९, ७५ असे काहीतरी येईल. लगेच कोणीतरी म्हणणार, '६६ वाल्यांनी नीट केलं नाही.' आणि पुष्कळदा शिक्षकही मान डोलावतात. उगवण खरोखर ७० टक्के असली तरी शंभर दाण्यांच्या नमुन्यात चार-पाच इकडे तिकडे होणे अगदी साधे आहे, नऊचाही फरक पडू शकतो. चारही आकडे लिहा, सरासरी काढा आणि शंभरऐवजी चारशे दाणे का मोजायचे ते विचारा. आकडे बदलून 'बरोबर' उत्तर लिहायची सवय मुलांना इथेच लागते किंवा इथेच मोडते.

मिठाचे पाणी

भाताच्या पट्ट्यात, म्हणजे कोकण, मावळ, पूर्व विदर्भात, सोयाबीनऐवजी हा प्रयोग घ्या. शिफारस अशी आहे की १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे टाकायचे, ढवळून थांबायचे, तरंगलेले काढून टाकायचे, बुडालेले दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. बाजरीवरच्या अरगट रोगासाठीही मिठाचेच पाणी, पण १० लिटरला २ किलो.

दोन शिफारशी शेजारी लिहा आणि विचारा, एवढा फरक का? भाताच्या दाण्यावर टरफल आहे, टरफल आणि तांदूळ यांच्यामध्ये हवा असते, त्यामुळे चांगला दाणाही पाण्यापेक्षा थोडाच जड. मीठ वाढवले तर पोचटाबरोबर चांगलेही वर येईल. बाजरीचा दाणा उघडा आणि घट्ट, तो दाट पाण्यातही बुडतो. अरगटाच्या गाठी हलक्या, त्या तरंगवायला पाणी जड करावे लागते. एक लिटर साधे पाणी, एक लिटर भाताचे द्रावण आणि एक लिटर बाजरीचे द्रावण काट्यावर ठेवा: सुमारे १,०००, १,०२० आणि १,१२० ग्रॅम. घनतेचा धडा संपला. भाताचे शंभर दाणे बाजरीच्या द्रावणातही टाकून बघा, चांगले किती वर येतात ते मोजा. शेवटचे धुणे मात्र विसरू नका. धुतलेले आणि न धुतलेले असे दोन गट उगवायला ठेवले तर न धुतलेल्यांची उगवण मागे पडते, आणि परासरण शिकवायला बटाट्याच्या फोडी शोधाव्या लागत नाहीत.

तुलनेचे वाफे

४० चौरस मीटरमध्ये २ मीटर बाय १ मीटरचे नऊ वाफे बसतात, मध्ये आणि कडेने अर्ध्या मीटरच्या वाटा सोडून. तीन प्रकार: काही न घातलेला, चौरस मीटरला २ किलो कुजलेले शेणखत घातलेला, आणि चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया दिलेला. प्रत्येक प्रकाराचे तीन वाफे, आणि तीन बाय तीनच्या मांडणीत प्रत्येक आडव्या व उभ्या रांगेत प्रत्येक प्रकार एकदाच यावा. मुले याला सुडोकू म्हणतील, म्हणू द्या. सगळे युरियाचे वाफे नळाच्या बाजूला आले तर फरक युरियाचा की ओलीचा, हे कधीच कळत नाही.

पीक मका घ्या. कडधान्य घेतले तर नत्राचा फरक झाकला जातो. दोन ओळींत ४५ सेंमी आणि दोन रोपांत २० सेंमी, प्रत्येक जागी दोन दाणे, दहाव्या दिवशी विरळणी करून एकच रोप. युरिया विसाव्या दिवशी, ओल असताना, रोपापासून चार बोटे लांब मातीत मिसळून. खोडाशी टाकला तर पाने करपतात. मोजणी दर आठवड्याला: कडेची रोपे सोडून मधली चार, उंची आणि पानांची संख्या. कडेच्या रोपांना ऊन आणि जागा जास्त मिळते, ती धरली की सरासरी फसवी होते. ४० ते ४५ दिवसांनी मधली रोपे कापून ओले वजन घ्या आणि आठवडाभर वाळवून कोरडे वजनही घ्या. ओल्या वजनातले चार-पंचमांशाहून जास्त पाणीच होते, हे बघून मुले चकित होतात.

आता हमखास काय बिघडते ते सांगतो. नऊही वाफे सारखेच हिरवेगार दिसतात. याचे कारण बहुतेक वेळा असे की जागा आधी उकिरडा किंवा गोठा होती, मातीतच भरपूर नत्र आहे. प्रयोग फसला असे समजू नका. तोच निष्कर्ष लिहा आणि पुढच्या हंगामात जागा बदला. दुसरे, युरियाचे पाणी शेजारच्या वाफ्यात वाहते. वाट वाफ्यापेक्षा वीतभर उंच ठेवा. तिसरे, शेणखत घातलेला वाफा रिकाम्या वाफ्यापेक्षाही पिवळा पडतो. तसे झाले तर खत कच्चे होते, त्यात काडीकचरा जास्त. कुजवणारे सूक्ष्मजीव स्वतःसाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. गावात 'कच्चे खत पिकाला लागते' म्हणतात ते हेच. जिज्ञासू वर्ग असेल तर दहावा वाफा लाकडाच्या भुशाचा करा, हा परिणाम तिथे ठळक दिसतो.

युरिया वाफ्यात टाकण्याआधी वर्गात ५० मिली पाण्यात १० ग्रॅम विरघळवा आणि तापमापी धरा. पारा आठ-दहा अंश उतरतो. ऊष्माग्राही प्रक्रियेसाठी याहून स्वस्त सामान कुठे मिळणार?

कडधान्याचा वाफा वेगळा, बाजूला. सोयाबीन किंवा मूग, ३५ ते ४५ दिवसांचे. रोप उपटायचे नाही. उपटले की गाठी मातीत राहतात आणि मुले 'गाठी नाहीत' असे लिहून मोकळी होतात. वीतभर लांबून टिकाव घालून ढेकळासकट उचला, बादलीतल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवा, माती आपोआप सुटू द्या. गाठी मोजा, मोठ्या पाच ब्लेडने कापा. आत गुलाबी-तांबूस असेल तर गाठ कामाला लागलेली आहे; तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नत्र बांधत नाही. मुळाला घासले की बाजूला सुटून येते ती गाठ. मूळच आतून फुगलेले असेल आणि घासून सुटत नसेल तर ते सूत्रकृमीचे काम; वांगी-टोमॅटोच्या जागी हे हमखास दिसते.

इथे अनेक शिक्षक रायझोबियम (गाठीत राहून नत्र बांधणारे जिवाणू) लावलेले आणि न लावलेले बियाणे अशी तुलना मांडतात आणि दोन्हीकडे सारख्याच गाठी निघतात. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या रानात ते जिवाणू आधीपासूनच असतात. तुलना करायचीच तर युरिया टाकलेला आणि न टाकलेला वाफा करा. आयता नत्र मिळाला की झाड गाठी कमी धरते, आणि हा फरक डोळ्यांना दिसतो.

माती

दिवाळीनंतर माती वाळते तेव्हा घ्या. सरळ बाजूंची काचेची बरणी, एक तृतीयांश चाळलेली माती, चमचाभर कपड्याची पावडर, वर पाणी. पाच मिनिटे जोरात हलवा आणि ठेवा. मिनिटभरात बसतो तो वाळूचा थर, दोनेक तासांत पोयटा (वाळूपेक्षा बारीक गाळ), उरलेली चिकणमाती. प्रत्येक वेळी बरणीवर खूण करा. काळ्या मातीत दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहील, कधी चार दिवस. तिचे कण इतके बारीक आणि एकमेकांना दूर लोटणारे असतात. घाई होते म्हणून तुरटी फिरवू नका, माप बिघडेल. तुरटीसाठी दुसरी बरणी ठेवा. माळावरच्या तळ्याचे पाणी नितळ कसे होते ते तिथे दाखवा.

मातीच्या चिमटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून फसफसते का बघा. फसफसली तर चुनखडी आहे. गावातल्या सात-आठ रानांतली माती आणली की नकाशावर चुनखडीचा पट्टा उमटतो. लोहाच्या कमतरतेने भुईमुगाची किंवा लिंबाची पाने कुठे पिवळी पडतात हे त्याच नकाशावर टिपायला सांगा.

बोर्डो मिश्रण

दहावीच्या 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' या धड्यासाठी मला यापेक्षा भरलेला प्रयोग माहीत नाही. फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी द्राक्षाच्या केवडा या बुरशीजन्य रोगावर हे मिश्रण पुढे आणले. आज नाशिककडे द्राक्षाला आणि कोकण-गोव्यात सुपारीच्या कोळेरोगाला ते वापरतात. एक टक्क्याचे प्रमाण शाळेपुरते: १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १० ग्रॅम कळीचा चुना (कॅल्शियम ऑक्साइड), एक लिटर पाणी.

मोरचूद विषारी आहे. ते शिक्षकाने हाताळावे किंवा हातमोजे घातलेल्या दोघा मोठ्या मुलांनी. ५०० मिली पाण्यात, प्लॅस्टिकच्या भांड्यात, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्याच्या वरच्या भागात टांगून ठेवा. तळाशी टाकले तर तासन्‌तास विरघळत नाही. दुसऱ्या भांड्यात चुना घ्या आणि त्यावर थोडे थोडे पाणी शिंपडा. तापमापी धरायला मुलांना लांबून सांगा, कळी फुटते, वाफ येते, शिंतोडे उडतात. चष्मा हवाच. युरियाने पारा उतरला होता, इथे तो चढतो. चुना निवला की ५०० मिली करून फडक्याने गाळा. मग निळे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ढवळत ओता. आकाशी रंगाचा दाटसर साका तयार होतो.

आता खिळा. लोखंडी खिळा आधी काचकागदाने घासून लखलखीत करा. गंज असेल तर काही दिसत नाही. एक खिळा नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात मिनिटभर धरा: बुडालेला भाग तांबूस होतो. लोखंडाने तांब्याला जागेवरून हटवले, विस्थापन अभिक्रिया. दुसरा खिळा तयार मिश्रणात. तो लखलखीतच राहिला तर मिश्रण ठीक. तांबूस झाला तर विरघळलेले तांबे अजून मोकळे आहे, फवारले तर पाने जळतील. चुन्याची निवळी आणखी घाला. बागायतदार विळ्याच्या पात्याने हीच परीक्षा करतात. लोखंडी बादलीत हे मिश्रण का करायचे नाही, तेही या खिळ्यातच आहे.

यापुढचा प्रश्न हुशार मुलांसाठी. समीकरणाने बघितले तर १० ग्रॅम मोरचुदाला कळीचा चुना लागतो फक्त २.२४ ग्रॅम. मग शिफारस दहाची का? बाजारातला चुना शुद्ध नसतो, उघड्यावर राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची पुन्हा चुनखडी होते. चौपट घेऊनही खिळा तांबूस झाला, तर त्या दुकानातला चुना किती मेलेला आहे हे मुलांनी आकड्यात सांगावे. उरलेले मिश्रण मोरीत किंवा विहिरीच्या दिशेने ओतू नका, शाळेच्या कोपऱ्यात खड्ड्यात जिरवा. फवारणी मुलांनी करायची नाही. हे मिश्रण असो की दुसरे कुठलेही औषध.

जनावराचे वजन

गाय काट्यावर चढत नाही, म्हणून टेपचे सूत्र वापरतात: छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले लांबी इंचांत, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीशेजारी वर आलेल्या हाडापर्यंत. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर सुमारे २७३ किलो. मुलांना विचारा, ६६० आले कुठून? गाय म्हणजे आडवे नळकांडे धरा, घनता पाण्याएवढी. घनफळ काढून किलोत बदलले तर भाजक ६६० नाही, ७६७ येतो आणि वजन २३५ किलो. उरलेले ३८ किलो म्हणजे डोके, मान आणि पाय, जे आपण मोजलेच नाहीत. घेरात एक इंच चूक झाली तर नऊ किलोंचा फरक पडतो, लांबीत झाली तर साडेपाच. वर्ग कशाचा आहे ते इथे लक्षात राहते. पडताळायला शेळी घ्या, ती पोत्यात धरून ताणकाट्यावर लावता येते. टेप ओढून आवळायची नाही, जनावराने श्वास सोडल्यावर वाचायची, आणि मारक्या जनावराजवळ त्याच्या मालकाशिवाय जायचे नाही.

वही, पालक आणि काही सावधगिरी

पालकांची एक तक्रार येणारच: 'आम्ही पोरांना शेतातून सुटावं म्हणून शाळेत घालतो, तुम्ही परत तिथंच राबवता.' ही तक्रार खोटी नाही. तिचे उत्तर भाषणात नसते, वहीत असते. प्रत्येक कामाचे एक पान: काय विचारले, काय मोजले, आकडे, आलेख, काय चुकले. पान भरले नाही तर ते काम मुलांकडून करून घेऊ नका. झाडलोट, पाणी भरणे मुलींकडे आणि काटा, टेप मुलांकडे, अशी वाटणी नकळत होते. दर आठवड्याला कामे फिरवा आणि ती यादी भिंतीवर लावा.

कंपोस्ट करायचे तर ढीग निदान एक मीटर लांब, रुंद, उंच हवा; लहान ढिगात उष्णता टिकत नाही आणि '६० अंश' हा आकडा कधीच दिसत नाही. काचेची तापमापी थेट खुपसू नका. आधी काठीने भोक पाडा, मग दोऱ्याला बांधून सोडा. जुना ढीग, गोणपाट, विटा उचलताना आधी काठीने हलवा, विंचू-साप तिथेच असतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद पालकांकडून आधीच घ्या.

पाणी फेब्रुवारीत संपणार असेल तर रब्बीत मेथी आणि हरभरा यांपलीकडे जाऊ नका. मेथी महिन्याभरात निघते, हरभऱ्याला दोन पाणी पुरते. सोयाबीन जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरले तर काढणी ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे सहामाही परीक्षा किंवा दिवाळीच्या सुट्टीत येते. शेंगा तडकून दाणे मातीत जातात आणि हंगामाचा शेवटचा आकडा, उत्पन्नाचा, हातातून निसटतो. म्हणून काढणीच्या दिवशी कोणते चार पालक काटा घेऊन येणार, हे पेरणीच्याच दिवशी ठरवून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा.